वायर ओढायची राहून गेली

संपादकांनी दिवाळी अंकासाठी लेख मागितला तेव्हा फोन ठेवता ठेवता म्हणाले, "सुनंदाताई, धंद्याबद्दल काहीही लिहा, फक्त ती डॉक्टरांची गोष्ट नको." ती गोष्ट भोपाळच्या मराठी मंडळींना मी किती वेळा ऐकवली आहे, याची त्यांना कल्पना आहे. हळदीकुंकवाला सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली, एकदा तर तेराव्याच्या जेवणाला सांगितली. मी त्यांना हो म्हटलं आणि आता तीच लिहायला बसले आहे. या वर्षी तिचा शेवट बदलला, आणि बदललेला शेवट मी अजून कोणाला सांगितलेला नाही.

जवाहर चौकात माझं दुकान होतं. सुरुवात टायपिंगच्या क्लासने झाली. टाइपरायटर गेले आणि कॉम्प्युटर आले, तेव्हा मी ते उघडून बघायला शिकले. इंजिनियरची डिग्री नाही, या धंद्यात कोणी नातेवाईक नाही, शिकवणाराही कोणी नव्हता. जे आलं ते बिघडवून आलं. पुढे मी स्टोरेज सर्व्हर बांधून द्यायला लागले. दुकानात नवीन माणूस आला की माझ्या खांद्यावरून आत बघून विचारायचा, "भैया नहीं हैं?" मी म्हणायचे, "भैया मैं ही हूँ, बोलो." चिडकी म्हणून माझं नाव होतं, आणि भाव करणारी म्हणून त्याहून मोठं. ज्यांच्याकडून मी सुटा माल उचलायचे ते नईमभाई मला पायरीवर बघूनच शेजारच्या दुकानदाराला ओरडून सांगत, "लो खां, दीदी आ गईं. आज की कमाई गई."

आता काम काय ते सांगते, कारण त्याशिवाय भांडण कळणार नाही.

स्टोरेज सर्व्हर म्हणजे एक पेटी. आत पाच-सहा हार्ड डिस्क असतात आणि ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर आपली माहिती तिच्यात ठेवतात. तुम्ही "सेव्ह" दाबलंत की माहिती लगेच डिस्कवर जाते असं सगळ्यांना वाटतं. तसं होत नाही. ती आधी पेटीच्या मेमरीत थांबते आणि काही सेकंदांनी गठ्ठ्याने डिस्कवर उतरते. मधल्या वेळात लाईट गेली तर तो गठ्ठा गेला. फोटो, चिठ्ठ्या, नकाशे यांचं यात फारसं बिघडत नाही. पण काही कामं अशी असतात की ती पेटीला बजावतात: खरोखर लिहून झालं की मला सांग, तोवर मी पुढे सरकणार नाही. बँक, रेल्वेचं आरक्षण, दवाखान्याची नोंद ही त्यातली. आता फिरणारी डिस्क एकेक नोंद जागेवर जाऊन लिहिणार म्हणजे वेळ लागणार. काउंटरवरची बाई पडद्याकडे बघत बसणार आणि समोरची रांग तिच्याकडे बघत बसणार.

यावर उपाय म्हणजे दारातच एक लहान, चपळ एसएसडी बसवायची. तिच्यात फिरणारं काही नसतं. नोंद आली की ती आधी हिच्यावर लिहायची, लगेच "लिहिलं" म्हणून पावती द्यायची, आणि मग मोठ्या डिस्कवर सावकाश लावायची. हिला म्हणतात राइट लॉग. गंमत अशी की एरवी हा लॉग कोणी वाचतच नाही. लिहायचं आणि पुसायचं, एवढंच दिवसभर. तो वाचला जातो फक्त लाईट जाऊन पेटी पुन्हा उठते तेव्हा. पेटी लॉग उघडते, काय लावायचं राहिलं होतं ते बघते आणि पुरं करते. म्हणजे वर्षातून एखाद्या मिनिटासाठी ही डिस्क खरी असावी लागते.

हे मला समजवावं लागलं नाही, कारण माझे वडील तेच काम करत होते. नागपूरची राजधानी गेली तेव्हा जे कारकून फायलींबरोबर भोपाळला आले, त्यांतले ते एक. टी. टी. नगरच्या एका सरकारी कार्यालयात आवक शाखेच्या खिडकीवर बसत. माणूस अर्ज घेऊन आला की शिक्का, नंबर, तारीख, आणि पावती त्याच्या हातात. अर्ज योग्य टेबलावर संध्याकाळी जाईल, उद्या जाईल. पण पावती दिली की तो अर्ज आहे, नाही म्हणायची सोय नाही. एकदा त्यांनी शिक्का मारलेला एक कागद टेबलाच्या फटीत गेला, तर रविवारी कार्यालय उघडायला लावून त्यांनी तो शोधला. मी लहान होते, डबा घेऊन गेले होते. ते टेबलाखाली पालथे पडले होते, एवढं आठवतं.

ही गोष्ट मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत असे. एक कोचिंग क्लासवाले होते. बिल वाचून म्हणाले, "मैडम, डिस्क दो सौ चालीस जीबी की और काम में ली सोलह. बाकी कहाँ गई, आपने रख ली?" मी म्हटलं, "आवक की खिड़की पर बाबू का टेबल कितना बड़ा होता है? कागज वहाँ घर बसाता है क्या?" लॉगला थोडीच जागा लागते, आणि बाकीची मोकळी सोडली तर डिस्क जास्त वर्षं टिकते, कारण तिला बिचारीला दिवसभर लिहायचंच असतं. त्यांना ते पटलं नाही, पण टेबलाचं पटलं.

दुसरे एक लग्नाचे व्हिडिओ करणारे. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की ही डिस्क लावली की सगळं पळतं. मी सांगितलं, तुमचं काम पावती मागतच नाही, तुम्हाला हिचा काही उपयोग नाही. मी विकली नाही म्हणून ते दुसरीकडून घेऊन आले आणि लावून घ्यायला परत माझ्याकडेच आले. लावली. काडीचा फरक पडला नाही. तर म्हणे माझ्या हाताला गुण नाही.

आणि एक सवलत अशी आहे की पेटीला सांगून ठेवायचं, लिहिलं नसलं तरी लिहिलं म्हण. एका आज्ञेचं काम. पेटी वाऱ्यासारखी पळते, गिऱ्हाईक खूश. असं करून देणारे लोक मला माहीत आहेत. मी कधी केलं नाही. खिडकीवर बसून खोटी पावती द्यायची असेल तर खिडकी कशाला? धंद्यात मी बरंच काही केलं असेन, हे केलं नाही. याचा मला अभिमान होता. तो किती फुगला होता ते पुढे कळेल.

डॉक्टर टेंभेकर मूळचे ग्वाल्हेरचे. बाग सेवनियात त्यांची पॅथॉलॉजी लॅब. सकाळी सातला तीन काउंटर सुरू होत. काउंटरवर नाव लिहायचं, सेव्ह दाबायचं, नंबराचं स्टिकर निघायचं, ते नळीला चिकटवायचं आणि मग रक्त घ्यायचं. त्यांची जुनी पेटी प्रत्येक सेव्हला इतका वेळ घ्यायची की उपाशी आलेले पेशंट भिंतीला टेकून बसायचे. राइट लॉगसाठी याहून योग्य जागा मी पाहिली नव्हती. मी त्यांना वडिलांची गोष्ट सांगितली. ते खूश झाले. मग म्हणाले, "आता भाव बोला. ग्वाल्हेरचा आहे, भाव केल्याशिवाय मला जेवण पचत नाही."

"माझंही तसंच आहे," मी म्हटलं, "पण मी नागपूरची."

दोन तास चाललं. त्यांनी मला बरंच खाली आणलं आणि मी येऊ दिलं, कारण जे इथे सोडलं ते नईमभाईंकडून काढायचं मी तिथेच ठरवलं होतं.

इथे अजून एक गोष्ट सांगायला हवी. एसएसडीच्या पोटातही तिची स्वतःची थोडी मेमरी असते. साधी डिस्क कधी कधी माहिती त्या मेमरीत असतानाच "लिहिलं" म्हणते. लाईट गेली की तेवढं जातं. चांगल्या डिस्कवर कपॅसिटरची एक ओळ असते, ठेंगणी, दाण्यांसारखी. लाईट गेली तरी त्यांच्यात उरलेली वीज डिस्कला हातातलं काम संपवायला पुरते. लॉगसाठी तीच हवी. ती महाग असते.

त्याच कंपनीच्या चार डिस्क मी आधी चार ठिकाणी लावल्या होत्या, तपासल्या होत्या. नईमभाईंना म्हटलं, तीच द्या. त्यांनी भाव सांगितला. मी निम्मा सांगितला. ते कानाला हात लावून आत गेले, मी पायरी उतरले, त्यांनी परत बोलावलं. हे सगळं नेहमीचंच. शेवटी मी माझ्या आकड्यावरून हलेना तेव्हा त्यांनी खालच्या फळीवरून एक डिस्क काढली. तीच कंपनी, तसंच हिरवं लेबल, खोका नाही. म्हणाले, "दीदी, इस भाव में येई आएगा."

म्हणजे, या भावात हेच येणार. मी उचलली. मला वाटलं, खोका नाही म्हणून स्वस्त. रस्ताभर मी स्वतःवर खूश होते. ही गोष्ट ज्यांना ज्यांना सांगितली त्यांना नईमभाईंचं हे वाक्य मी सांगितलेलं नाही.

सर्व्हर दसऱ्याला सुरू करायचा, असं डॉक्टरांच्या आईंनी ठरवलं. त्यांना सगळे माई म्हणत. ग्वाल्हेरच्या घरात शस्त्रांची पूजा व्हायची, इथे यंत्रांची. जिन्याखालच्या लोखंडी कपाटात मी पेटी बसवली होती. माईंनी कपाटाला झेंडूचा हार घातला, दारावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, वर आपट्याची पानं ठेवली. सरोज म्हणून लॅबमध्ये टेक्निशियन होती, तिने पेढे वाटले.

माझी एक पद्धत होती. प्रत्येक कपाटाच्या दाराला आतून मी एक छापील कागद चिकटवत असे. सात ओळी, तिथल्या लोकांना वाचता यावा म्हणून हिंदीत. एकेक काम झालं की समोर खूण आणि सही. सातवी ओळ होती: "तार खींचकर नंबर मिलाया." म्हणजे असं. लॅपटॉपवरून सर्व्हरवर आकडे लिहायचे, एक, दोन, तीन, असे भराभर. ज्या आकड्याची पावती आली तोच लॅपटॉप दाखवतो. ते चालू असताना सर्व्हरची वायर ओढायची. नीट बंद करायचं नाही, ओढायची. मग पुन्हा सुरू करायचा. लॅपटॉपवरचा शेवटचा आकडा सर्व्हरवर सापडलाच पाहिजे. एकाने जरी कमी असला तर डिस्क परत. सापडला तर तो आकडा सातव्या ओळीसमोर लिहायचा.

त्या दिवशी सहा ओळींवर सह्या झाल्या. लॅपटॉपवर आकडे पळायला लागले. मी वायरला हात घातला.

"अगं अगं, काय करतेस?" माई म्हणाल्या. "आत्ता हळदकुंकू वाहिलं, निरांजन अजून तेवतंय, आणि तू उपटायला निघालीस?"

"माई, दोन मिनिटांचं काम आहे. लगेच सुरू करते."

"दसऱ्याला सुरू केलेलं दसऱ्यालाच बंद पाडायचं? कुठे शिकलीस हे? उद्या ये नि ओढ हवी तितकी."

डॉक्टर हसत म्हणाले, "ताई, आईपुढे माझं चालत नाही, तुमचं काय चालणार? चला, पानं वाढली आहेत."

वाद घालायला मला कारण लागत नाही असं माझे घरचे म्हणतात. तिथे मी घातला नाही. श्रीखंडाचं ताट होतं, माईंनी आग्रहाने वाढलं, आणि मला माणसांत घेतल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी गेले तर तिन्ही काउंटर भरून वाहत होते. वायर ओढायची म्हणजे काम थांबवायचं. डॉक्टर म्हणाले, "रविवारी दुपारनंतर या, लॅब बंद असते."

रविवारी मी गेले नाही. हे वाक्यही मी आजवर गाळत आले. माझ्या सांगण्यात गोष्ट माईंपाशी थांबायची: म्हातारीने वायर ओढू दिली नाही. रविवारी काय होतं ते आता आठवतही नाही, म्हणजे काही महत्त्वाचं नसणार. कंपनी ओळखीची, आधीच्या चारही डिस्क पास झालेल्या. मी मनातल्या मनात सातव्या ओळीवर सही करून टाकली.

पुढे तीन-चार महिने पेटी सुरेख चालली. डॉक्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला कपाट दाखवत.

मग थंडीतली एक सकाळ. लॅबमध्ये शाली-मफलर घातलेली माणसं, सगळी उपाशी. लाईट गेली. यूपीएस होता, त्याने पंधरा मिनिटं तरी धरायला हवं होतं. त्याने एकदा शीळ घातली आणि मान टाकली. का, तर मधल्या काळात डॉक्टरांनी नमुने ठेवायचा फ्रिज त्याच्यावर जोडून घेतला होता. मला न विचारता. सर्व्हर धाडकन बंद पडला. दोन मिनिटांत लाईट आली, सर्व्हर उठला, सगळे पडदे उजळले, काउंटर सुरू झाले. सगळ्यांना वाटलं, वा, काही झालं नाही.

अर्ध्या तासाने सरोज नळ्या जाळीत लावत होती. तिच्या हातात एकशे अकरा नंबरची नळी होती आणि जाळीत एकशे अकरा नंबरची नळी आधीच होती. एक एका मधुमेहाच्या आजोबांची, दुसरी सातवा महिना चाललेल्या एका बाईची. ती जागच्या जागी ओरडली, "मशीन रोको! कोई रिपोर्ट नहीं जाएगी!"

लाईट जायच्या आधी एकशे चौदापर्यंत स्टिकर निघाले होते. पेटीने त्या सगळ्यांची पावती दिली होती. पण पुन्हा उठल्यावर तिला फक्त एकशे आठपर्यंतचंच आठवत होतं. म्हणून तिने पुढच्या माणसांना परत एकशे नऊपासून नंबर दिले. सहा नंबर, बारा माणसं. सरोजने पाहिलं नसतं तर आजोबांची साखर त्या बाईच्या नावावर गेली असती आणि तिची आजोबांच्या.

मी स्कूटरवरून पोहोचले तेव्हा बाराही जणांना परत बोलावणं चाललं होतं. निम्मे पोहे-जिलबी खाऊन बसले होते, म्हणजे त्यांना उद्या पुन्हा उपाशी यायला सांगायचं. एका आजींनी डॉक्टरांना भर हॉलमध्ये धारेवर धरलं होतं. डॉक्टरांनी मला बघितलं.

"या. ही तुमची पावती का, ताई? वडिलांची गोष्ट सांगून मशीन विकलंत मला. सहा जणांना पावती दिलीत आणि कागद हरवलात."

"यूपीएसवर फ्रिज कोणी लावला? आधी ते सांगा!"

"फ्रिजचं राहू द्या. लाईट गेली तरी चालावं म्हणूनच ती डिस्क घेतली ना? मग यूपीएस असो की नसो!"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मला ते त्याच क्षणी कळलं. तरी मी आवाज चढवला. म्हटलं, तुम्हाला सगळं फुकटात पाहिजे, ग्वाल्हेरची मिजास आणि खिशाला गाठ, पेशंटचा जीव टांगून फ्रिजचे चार पैसे वाचवता. वीस-पंचवीस माणसं ऐकत होती. डॉक्टर एवढंच म्हणाले, "बाई, निघा इथून." ताई नाही, बाई. सरोजने मला दारापर्यंत आणून सोडलं.

आठवड्याभरात दुसऱ्या एका इंजिनियरने तिथे नवीन सर्व्हर बसवला. माझी एसएसडी डॉक्टरांनी एका पाकिटात घालून दुकानात पाठवून दिली. वर औषधाच्या चिठ्ठीचा कागद: "आपली वस्तू परत."

त्यानंतर दोन लॅब आणि एक नर्सिंग होम, ज्यांच्याशी बोलणं होत आलं होतं, ती तिन्ही गप्प झाली. मराठी मंडळींत बोललं जाऊ लागलं की सुनंदाच्या मशीनने लोकांचं रक्त बदललं. कोणाचंही रक्त बदललं नव्हतं, एकही चुकीचा रिपोर्ट बाहेर गेला नव्हता. पण हे कोणाकोणाला सांगणार? मी फ्रिजचं सांगत सुटले. फ्रिज, आणि म्हातारी, आणि भर हॉलमधलं ते "बाई". पाकीट टेबलाच्या खणात टाकलं. लोक विचारत, डिस्क तपासली का? मी म्हणायचे, तपासायची गरज काय, मला खात्री आहे. चार स्क्रूचं काम होतं. आठ वर्षं मी ते केलं नाही. खात्री असलेला माणूस चार स्क्रू काढायला आठ वर्षं घेत नाही.

या उन्हाळ्यात दुकान बंद केलं. खण रिकामा करताना पाकीट हाताला लागलं. खाली बसूनच डिस्क उघडली. लेबल सोलून स्क्रू काढले, झाकण उचकटलं. हिरवी पट्टी. कडेला ती जागा होती जिथे कपॅसिटर असतात. छापलेले छोटे चौकोन ओळीने, प्रत्येकात कथिलाचे दोन चकचकीत ठिपके, आणि त्यांच्यावर काहीही नाही. कारखान्याने एकाच पट्टीवर दोन्ही माल काढले होते: महागात दाणे बसवले, स्वस्तात जागा सोडली. जी खोटी पावती मी उभ्या जन्मात कोणाला देऊ दिली नाही, ती माझ्याच हाताने बसवलेली डिस्क तीन-चार महिने रोज देत होती.

नईमभाईंना फोन लावला. तेही आता दुकान मुलाकडे देऊन घरी बसतात.

"नईमभाई, वो टेंभेकर डॉक्टर वाली डिस्क याद है?"

"आपकी कौन सी डिस्क याद नहीं दीदी, हर एक पे आपने मेरा खून पिया है."

"उसमें कपॅसिटर नहीं थे. बताया क्यों नहीं?"

"बताया तो था. मैंने कहा था, इस भाव में येई आएगा."

"वो तो हर दुकानदार कहता है!"

"हर दुकानदार झूठ कहता होगा. मैंने सच कहा था. आप पूछतीं कि येई मतलब क्या, तो वो भी बता देता."

मी फोन ठेवला. तीस वर्षं मी ते वाक्य हजारदा ऐकलं असेल. ते वाक्य म्हणजे सौद्यातलं एक पाऊल, ऐकायचं नसतं, पुढे रेटायचं असतं, असं मी स्वतःला शिकवलं होतं. तो माणूस त्या दिवशी मला माल समजावून सांगत होता.

दोन दिवस घालवले आणि तिसऱ्या दिवशी दुपारी बाग सेवनियात गेले. सरोज अजून तिथेच आहे, आता सगळी लॅब तीच सांभाळते. मला बघून काउंटरमागून उठली.

"दीदी, लड़ने आई हैं?"

"नहीं."

"तो चाय बोलती हूँ."

डॉक्टरांचे केस पांढरे झाले आहेत. माईंचा फोटो भिंतीवर होता. मी उघडी डिस्क टेबलावर ठेवली, रिकामे चौकोन दाखवले. नईमभाईंचं वाक्य सांगितलं. रविवारी आले नाही, तेही सांगितलं. बोलताना माझा आवाज चढलेलाच होता, तो मला उतरवता येत नाही. डॉक्टरांनी चष्मा काढून डिस्क डोळ्यांजवळ धरून बघितली. मग म्हणाले, "चला, तुम्हाला काही दाखवायचंय."

जिन्याखाली कपाट तेच होतं. आतली पेटी दुसरी. दाराच्या आतल्या बाजूला माझा कागद होता, कडांनी पिवळा पडलेला. सहा ओळींवर निळ्या शाईत माझ्या सह्या. सातव्या ओळीसमोर काळ्या शाईत एक चार आकडी संख्या, शेजारी तारीख आणि दुसऱ्याच कोणाची तरी सही.

"मी हा कागद फाडायला निघालो होतो," डॉक्टर म्हणाले. "नवीन इंजिनियर म्हणाला, राहू द्या, कागद चांगला आहे. एक ओळ राहिली आहे, तेवढी मी करतो. मलाच ओढायला लावली वायर."

"म्हणजे तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं? सातवी ओळ रिकामी होती हे?"

"माहीत होतं. आईने थांबवलं होतं, तेही मी पाहिलं होतं."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही सगळीकडे फ्रिजचं सांगत होतात."

मी तोंड उघडलं. त्यांनी मला भर हॉलमधून "बाई" म्हणून हाकललं, तीन गिऱ्हाइकं गेली, लोक रक्त बदललं म्हणाले तेव्हा हे गप्प बसले. हे सगळं बोलायचं होतं. ते सगळं खरंही आहे आणि त्यांचं ते वागणं मला अजूनही पटलेलं नाही. पण समोर काळ्या शाईतला तो आकडा होता. कोणा अनोळखी माणसाने माझ्या कागदावर माझं काम पुरं केलं होतं. मी फक्त विचारलं, "फ्रिज आता कशावर आहे?"

"वेगळ्या लाईनवर," डॉक्टर म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी काढला होता." आणि कपाटाचं दार लावून घेतलं.

एवढंच. डॉक्टरांकडून पुढे काही येईल म्हणून मी जिन्याखाली उभी राहिले. पायरी उतरून जायचं सोंग करता आलं असतं, परत बोलावतात का बघता आलं असतं. केलं नाही. आतून सरोजने चहा झाल्याची हाक मारली. या भावात एवढंच येणार होतं, आणि या वेळी ते मी खरं मानलं.